पिवळ्या पेंडीचा पाठलाग

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. वाईत जन्म गेला, पण कृष्णेच्या घाटाच्या शेवटच्या दोन पायऱ्या मी अजून उतरलेले नाही. कुत्र्याला भिते, विजेला भिते, एसटीनं घाटात वळण घेतलं की पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरते. अशा बाईनं दसरा झाल्यावर चार दिवसांनी, एकटीनं पिशवी भरून आटपाडीला जायला निघावं, याचं घरच्यांना नवल वाटलं. मला नवल वाटायला सवड नव्हती. माझ्या एका शब्दामुळं तिकडं एक बाई मरेल की काय, या धास्तीनं मी निघाले होते.

झालं असं. तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर लोक मला फुलांचे फोटो पाठवतात आणि मी नावं सांगते. चार लोक "मॅडमना विचारा" म्हणतात, ते ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? रहिमतपूरजवळच्या एका गावात हणमंतराव नावाचे, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार आहेत. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, तेव्हापासूनची ओळख. पंधरवड्यामागं त्यांनी अगदी जवळून काढलेला एका पिवळ्या फुलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, हा खडकशेपू हाय का?" पाकळ्यांची टोकं दातेरी, मधला गोंडा पिवळा. खडकशेपूचं फूल असंच असतं. मी लगेच "हो" असं उत्तर पाठवलं.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांचा दुसरा फोटो आला. या वेळी सगळा ताटवा होता, आणि शेजारी हवालदार छाती काढून उभे होते. फुलं त्यांच्या कमरेला लागत होती. खाली लिहिलं होतं, "आटपाडीच्या हौसाक्काला चार पेंड्या पाठवल्या. रोज काढा घेते."

खडकशेपू वीतभर उंचीचा असतो. खडकाच्या भेगेत अंग चोरून बसतो. कमरेइतका खडकशेपू कुणी पाहिलेला नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. त्या ताटव्यात एक नव्हे, तीन-चार प्रकारची पिवळी फुलं होती आणि कडेला जी दिसत होती ती मला नक्की सोनकी वाटली. सोनकीच्या कुळातल्या कित्येक झाडांचा रस यकृताला बाधतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते.

हवालदारांना फोन लावून हौसाक्काचा आणि तिच्या शेजारणीचा नंबर घेतला. हौसाक्काचा फोन लागत नव्हता. शेजारणीचा एकदा लागला. ती म्हणाली, "घराला कुलूप हाय. दोन दिस दिसली न्हाई." काढा पिऊ नको असा निरोप तिला द्या, एवढं मी सांगितलं, मग तोही फोन बंद झाला. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काढा आधी थांबवा. आणि झाड कुठलं ते कळलं तर पुढचं बघता येईल."

झाड कुठलं ते सांगायचं काम माझंच होतं. एकदा सांगून बसले होते, आता पुन्हा सांगायचं होतं.

रहिमतपूरजवळ

वाईहून साताऱ्याला, साताऱ्याहून रहिमतपूरला आणि तिथून हवालदारांच्या मोटारसायकलवर मागं बसून तीन मैल. मोटारसायकलवर मी डोळे मिटून बसले होते. हवालदार वाटेत ऊस, विहिरी, कुणाचा मुलगा कुठल्या पलटणीत, हे सगळं ओरडून सांगत होते. या गावात घरटी एक तरी फौजी आहे. आमच्या वाईत ओसरीवर देवादिकांच्या तसबिरी असतात, इथं त्यांच्या रांगेत गणवेशातले फोटोही टांगलेले असतात.

"घाबरू नगा मॅडम," ते म्हणाले. "हौसाक्का लय चिवट हाय."

हौसाक्का त्यांची मानलेली बहीण. आटपाडीकडची मेंढपाळ. दिवाळी झाली की तिच्या घरची मेंढरं पश्चिमेला निघतात आणि वाटेत हवालदारांच्या रानात चार-सहा रात्री बसतात. लेंडीखतानं रान सुधारतं, म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात. हवालदारांच्या वडिलांपासून हे चालू आहे. हौसाक्का हवालदारांना ओवाळते आणि हवालदार तिला लुगडं घेतात. तिला पोटात आग पडायचा त्रास आहे. त्यावर ती लहानपणापासून खडकशेपूचा काढा घेते. यंदा तिकडं तो फारसा उगवलाच नाही, असं तिनं फोनवर सांगितलं आणि भावानं आपल्या परसात शोध घेतला.

परस म्हणजे छावणीची बाग होती. हवालदारांची शेवटची नेमणूक उत्तरेतल्या एका छावणीत झाली. तिथं ऑफिसपुढं पिवळ्या फुलांचे ताटवे असत आणि ते सांभाळायचं काम यांच्याकडं होतं. निवृत्त होताना त्यांनी बी आणलं आणि घरामागं रांगा धरून पेरलं. दोरी लावून पेरलं असावं, इतक्या सरळ रांगा.

मी भिंग काढलं आणि चिखलात गुडघ्यावर बसले. फूल पाहायचंच नाही, असं मनाशी ठरवलं होतं. पहिल्या रांगेत पानं भाल्यासारखी लांब, अखंड आणि सगळी बुडाशी. वर दांडा उघडा आणि टोकाला एकच फूल. दुसऱ्या रांगेत फूल तसंच, हुबेहूब, पण पानं दांड्यावर वरपर्यंत आणि बारीक चिरलेली, शेपूसारखी. तिसऱ्या रांगेतली झाडं त्याहून बारीक पानाची, आणि फुलाच्या मध्याशी तांबडा डाग. तिन्ही एकाच घरातल्या बहिणी, परदेशातून बागांमध्ये आलेल्या. आम्ही त्यांना पुस्तकी नावानं कोरिऑप्सिस म्हणतो. फूल उलटं केलं की तिघींच्याही खाली हिरव्या पाकळ्यांची दोन वर्तुळं दिसतात, बाहेरचं आखूड आणि अरुंद, आतलं रुंद. यांच्यात विषारी काही असल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. माझा जीव थोडा खाली आला.

मग मी रांगांच्या कडेला पाहिलं. तिथं आणि रांगांच्या मध्ये, कुठंही, मोकळ्या अंगानं सोनकी उभी होती. रुंद, दातेरी पानं आणि टोकाला दाते नसलेल्या पाकळ्या. खाली हिरवं एकच वर्तुळ.

"ही कुठून आली?"

"गेल्या साली पठार बघायला गेलो तवा बी खिशात घालून आणलं," हवालदार म्हणाले. "पिवळं ते पिवळंच. मला वाटलं, आपली गावरान बी आसू द्या फौजेत."

"आणि पेंड्या कुठून कापल्या?"

त्यांनी बोट दाखवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेचा पलीकडचा अर्धा भाग जमिनीपासून चार बोटांवर साफ कापलेला होता. मध्ये जे आलं ते सगळं त्यात गेलं होतं. त्या खुंटांत तीन-चार खुंट सोनकीचे होते, जाड, पन्हाळी पडलेले. मी ते पुन्हा पुन्हा मोजले.

"पाला आणि फुलं बघून निवडलंत का?"

त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई, दारातून म्हणाल्या, "आवं पाला हाय कुठं? पाला गळतो, फुलं झडत्यात, घाण हुती, म्हनून सगळं ओरबाडून काढलं ह्यांनी. निसत्या काड्या आन् वाळली बोंडं. टोकं जुळवून, एका लांबीची, सुतळीनं चार ठिकाणी बांधली. कापडं बी ह्ये तशीच घालत्यात घडी."

सैन्यात सामान मांडायची जी शिस्त असते, तीच त्यांनी औषधाला लावली होती. ज्या पानावरून ओळखायचं, ते पानच त्यांनी टापटिपीसाठी काढून टाकलं होतं. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पेंड्या आटपाडीला रवाना झाल्या होत्या, आणि वर निरोप होता, "वाईच्या मॅडमना विचारलंय."

त्या रात्री लक्ष्मीबाईंनी गरम भाकरी, वांग्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. खर्डा असा होता की डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्या रडण्याला आयतं निमित्त मिळालं. त्यांनी ते ओळखलं असावं. ताटात आणखी तूप ओतलं. डोळ्यापुढं सारखी एक म्हातारी येत होती, जिला मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि तिचे डोळे पिवळे होते.

आटपाडीकडे

सकाळी हवालदार इस्त्रीचा सदरा घालून, खिशात पांढरा रुमाल ठेवून तयार होते. वडूजला गाडी बदलली. म्हसवड मागं पडलं तशी उसाची हिरवळ आटत गेली. आमच्याकडं डोंगर अंगावर येतात. इथं आभाळच अंगावर येतं. दिघंचीच्या अलीकडं डाळिंबाच्या बागा लागल्या, बाकी खडक, कुसळं आणि बाभळी. एरवी मी खिडकीतून काय काय पाहिलं असतं. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला पिवळं काही दिसलं की मी नजर फिरवून घेत होते.

शेजारी बसलेल्या एका बाईनं विचारलं, "मयताला निघालाय व्हय?" माझा चेहराच तसा झाला असणार. मी म्हटलं, "नाही, पाहुण्यांकडं." पण त्या प्रश्नानंतर तासभर मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसले. हवालदार खिशातला रुमाल काढून पुन्हा पुन्हा घडी घालत होते. एकदाच म्हणाले, "मॅडम, चूक माझी हाय. काय झालं तर मी सांगीन, माझी हाय." मी मान हलवली. मनात मात्र आलं, की होकार तर माझा होता.

वस्तीवर पोचलो तेव्हा हौसाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हातारी मेंढरं घेऊन टेकाडाकडं आहे, चार दिवस तिकडंच राहिली. निरोप? निरोप सांगायला कुणी गेलंच नव्हतं.

टेकाड म्हणजे नुसता उघडा खडक. सपाता घालून चढायची मला अक्कल सुचली होती, त्यातल्या एकीचा पट्टा पहिल्या शंभर पावलांत तुटला. पदराला कुसळं, काष्ट्याला काटे. वर पोचतोय तोच दोन कुत्री भुंकत अंगावर आली, गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे. मी जागच्या जागी खिळले. हवालदारांनी "हौसाक्काऽ" अशी आरोळी ठोकली.

बाभळीच्या सावलीत कुणीतरी आडवं झालेलं दिसत होतं. ते हललं नाही.

एवढा काळ मला कुत्र्यांची भीती वाटायची, पण त्या क्षणी मी त्यांच्यामधून चालत गेले. एक सपात हातात, एक पायात. पुढं कशी गेले ते आठवत नाही.

"कोन हाय रं?" असं म्हणत ती उठून बसली. सत्तरीची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात लोकर कातायची चाती. डुलकी लागली होती तिला. मी आधी तिचे डोळे पाहिले. पांढरे होते.

"हनमा? तू हितं कसा? आन् ह्या बाई कोन?"

"ह्या वाईच्या मॅडम."

"मी हो म्हटलेलं... ते झाड," मला धाप लागली होती, "तो काढा तुम्ही घेतलात का?"

"घेतला की. रोज गलासभर. लालभडक पानी हुतंय त्याचं."

मी त्या खडकावर खालीच बसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग हवालदारांनी सगळं सांगितलं, सावधान उभं राहून, जणू साहेबापुढं हजेरी देत होते. हौसाबाईंनी ते चाती खाली ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "चला घरला. पेंड्या हायत अजून."

घरात भुईवर हवालदारांचा पांढरा रुमाल पसरला. एक पेंडी संपली होती. दुसरी अर्धी होती. तिसरी अख्खी होती. चौथी आढ्याच्या खुंटीला वेगळी टांगलेली दिसली. पानं नव्हती, फुलं नव्हती. उरल्या होत्या बिया, आणि बी खोटं बोलत नाही. सोनकीच्या बीला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर उडणारा, मुलं ज्याला म्हातारी म्हणतात. त्या छावणीतल्या बहिणींच्या बीला केस नसतात.

मी अर्धी पेंडी रुमालावर झटकली. काळ्या, चपट्या, किंचित वाकलेल्या बिया पडल्या. एकीलाही केस नव्हते. भिंगातून पुन्हा पाहिलं.

हौसाबाई वाकून बघत होत्या. "ह्या तर गोचड्या," त्या म्हणाल्या. "मेंढराच्या कानात आस्त्यात तशाच."

खरंच तशाच होत्या. इतकी वर्षं मी पुस्तकात वाचत आले, की या झाडाच्या जन्मगावचे लोकही त्याला गोचिडीच्या बीचं झाड म्हणतात, पण मी गोचीड कधी जवळून पाहिली नव्हती. तिसरी पेंडी झटकली. पुन्हा गोचड्याच. मग हवालदारांनी खुंटीवरची चौथी काढली आणि मी ती नुसती हलवली. घरभर पांढरी म्हातारी उडाली.

एक झुबका हौसाबाईंच्या कुंकवावर बसला.

"ही... यातलं तुम्ही उकळलंत?" मी विचारलं. "आणि ती संपलेली? तिच्यात काय होतं?"

"न्हाई वो बाई. ही न्हाई. म्हनून तर येगळी टांगली." त्या शांतपणे खाली बसल्या. "पार्सल आलं तवा चारीतल्या काड्या येगळ्या येगळ्या करून मेंढरांम्होरं टाकल्या. ह्या काड्या त्यांनी चावल्या. त्या जाड काड्या हुंगून सोडून दिल्या. लय उपाशी मेंढरू बी त्याला तोंड लावीना. तवा त्या निवडून एका पेंडीत बांधल्या. जे मेंढरू खात न्हाई ते मी कशी पिऊ?"

हवालदार बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं.

तरीही मी दुसऱ्या दिवशी हौसाबाईंना आटपाडीच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं होतं. बाकावर बसून मी दर पाच मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "बाई, आसं बघू नगा, मलाच काय तरी हुतंय आसं वाटाय लागतंय." रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून, दुसऱ्याला फोटो बघून औषधं सांगू नयेत, अशी समज दिली. मी उभी राहून ऐकली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना उभं करत आले होते.

रात्री हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि बाजरीची भाकरी जेवले. वाईत हुलगे बैलाला घालतात असं मी बोलून गेले, आणि जीभ चावली. हौसाबाई हसल्या. "मंग बैल शानं हायत तुमच्यातलं."

निघायच्या सकाळी त्यांनी मला पुन्हा टेकाडावर नेलं. पायात त्यांच्या सुनेच्या वहाणा होत्या. कुत्री या वेळी नुसती वास घेऊन बाजूला झाली. एका घळीत, खडकाच्या भेगेत त्यांनी काठी टेकवली. वीतभर झाड, केसांसारखी बारीक पानं, फुलं करंगळीच्या नखाएवढी. खडकशेपू. यंदाचा बहुधा शेवटचाच. मी पालथी पडून पाहिलं. पान, दांडा, फुलाखालची हिरवी वर्तुळं, वाळलेल्या बीच्या टोकाचे दोन काटे. भरपूर वेळ घेतला.

उठता उठता माझ्या मनात दोन दिवस अडकलेलं तोंडावर आलं. "हौसाबाई, तुम्ही हे झाड लहानपणापासून ओळखता. त्या काड्या बघून तुम्हाला कळलं नाही, की हा खडकशेपू नाही?"

"पयल्याच दिशी कळलं."

"मग प्यायलात का?"

त्या चाती फिरवत राहिल्या. "हनमा म्हनला, वाईच्या मॅडम व्हय म्हनल्यात. त्या शिकलेल्या हायत. मला वाटलं, आमच्या आईपासनं आमीच चुकीचं झाड पीत आसू."

सत्तर वर्षांचं त्यांचं ओळखणं माझ्या एका शब्दानं पुसलं होतं.

"तुमचंच बरोबर होतं," मी म्हणाले. "तुम्ही आणि तुमची आई, दोघी."

"मंग तुमी व्हय का म्हनला?"

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, घरीही नाही, हवालदारांनाही नाही. "रिक्षात होते," मी म्हटलं. "मांडीवर भाजी होती. एका हातानं लिहिलं. पान बघायला हवं होतं, पण पान मागितलं असतं तर मॅडमना येत नाही असं वाटलं असतं."

हौसाबाईंनी सूत तोडून चातीला गुंडाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जड गेलं. खाली मेंढरं नवीन कोंभांवरून तोंड फिरवत चालली होती.

"आवं," त्या म्हणाल्या, "मेंढरू बी आधी हुंगतंय."